मोठा टाइप आणि मराठी अक्षर : अल्पदृष्टी विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकाची चिकित्सा

पाठ्यपुस्तकांची चिकित्सा करताना वेच्यांची निवड, भाषेची इयत्तेला अनुरूप अशी पातळी, स्वाध्यायांची रचना ह्या अंगांचा विचार मराठीत पुष्कळ झाला आहे. पुस्तकाच्या अक्षराचा विचार मात्र मुद्रकाच्या कक्षेतला मानून बाजूस ठेवण्याची प्रथा पडली आहे. डोळस विद्यार्थ्याच्या बाबतीत ह्या उपेक्षेने फारसे बिघडत नाही. कारण अक्षर थोडे लहान असले किंवा शाई फिकट उतरली तरी त्याचा डोळा ते सावरून घेतो. परंतु ज्याला दिसते, पण पुरेसे दिसत नाही, अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत अक्षराचा प्रश्न हा आशयाच्या आधी येणारा प्रश्न होय. त्याच्यासाठी काढल्या जाणाऱ्या मोठ्या टाइपातील पुस्तकांकडे सामान्यतः सोयीची वस्तू म्हणून पाहिले जाते. ती पुस्तके मराठी वाचनाची साधने म्हणून कितपत यशस्वी ठरतात, ह्याचा विचार भाषेच्या आणि लिपीच्या अंगाने होणे अगत्याचे आहे.

प्रथम ‘अल्पदृष्टी’ ह्या संज्ञेची व्याप्ती पाहिली पाहिजे. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने तिची व्याख्या कार्याच्या अंगाने केली होती : उपचार किंवा चष्मा ह्यांनंतरही ज्याची दृष्टी अधू राहते, परंतु योग्य साधनाच्या साहाय्याने जो तिचा उपयोग करू शकतो, तो अल्पदृष्टी. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने तिला मापांची जोड दिली. चांगल्या डोळ्याची, शक्य तितक्या सुधारणेनंतरची तीक्ष्णता ६/१८ च्या आत व ३/६० पर्यंत असणे, अथवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी व १० अंशांपर्यंत संकुचित असणे, ह्या दोहोंपैकी कोणतीही एक अवस्था ह्या व्याख्येत बसते. ६/१८ म्हणजे निर्दोष डोळ्याला जे अक्षर १८ मीटरांवरून ओळखता येते ते ह्या विद्यार्थ्याला ६ मीटरांवरून ओळखावे लागते.

व्याख्येतील ‘अथवा’ हा शब्द पुस्तकाच्या दृष्टीने निर्णायक आहे. ज्याची तीक्ष्णता उणावली आहे त्याला मोठे अक्षर उपकारक ठरते. ज्याचे क्षेत्र संकोचले आहे, पण मध्यभागीची नजर शाबूत आहे, त्याला तेच अक्षर अपकारक ठरण्याचा संभव असतो. कारण अक्षर जितके मोठे तितकी एका दृष्टिक्षेपात मावणारी अक्षरे कमी. नळीतून पाहावे तसा तो शब्दाचा एकेक तुकडा पाहतो आणि ओळीचा शेवट हाती येईपर्यंत तिचा आरंभ निसटतो. तात्पर्य, कायद्याच्या एका संज्ञेखाली परस्परविरुद्ध गरजांचे वाचक एकत्र आले आहेत. एकाच मापाचे पुस्तक सर्वांच्या हाती देणारी व्यवस्था त्यांपैकी काहींना मदत करते आणि काहींची वाट अडवते.

मोठ्या टाइपाच्या कल्पनेचा इतिहास थोडक्यात ध्यानी घेणे उपयुक्त होईल. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंड-अमेरिकेत अधू नजरेच्या मुलांसाठी स्वतंत्र वर्ग निघाले; लंडनमधील असा वर्ग १९०८ सालचा. त्या वर्गांमागील धारणा दृष्टी ‘वाचविण्याची’ होती. डोळा वापरला की झिजतो. सबब मुलाने कमी वाचावे, आणि वाचलेच तर फार मोठ्या अक्षरांतले वाचावे, असा तो विचार होता. १९६४ साली नॅटली बरागा ह्या अमेरिकन विदुषीच्या संशोधनाने ही धारणा ढासळली. पद्धतशीर सरावाने अल्पदृष्टी मुलांची पाहण्याची कार्यक्षमता वाढते, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक थॉर्प ह्यांच्या अल्व्हर्सक्रॉफ्ट प्रकाशनाने मोठ्या टाइपातील ललित पुस्तके वाचनालयांसाठी काढण्यास प्रारंभ केला. दृष्टी राखून ठेवण्याची ठेव नसून वापरण्याची शक्ती आहे, हा विचार तेव्हापासून शास्त्रमान्य झाला. तरीही पुस्तक नाकाशी धरून वाचणाऱ्या मुलाला ‘डोळे बिघडतील’ म्हणून दटावणे घराघरांतून आणि वर्गावर्गांतून चालूच आहे. वस्तुतः पुस्तक ४० सेंटिमीटरांवरून २० सेंटिमीटरांवर आणले की डोळ्याच्या पडद्यावरील प्रतिमा दुप्पट होते. ते मूल जे करते ते बिनखर्चाचे वर्धनच होय.

वाचनाच्या शास्त्रातील पुढचा महत्त्वाचा टप्पा गॉर्डन लेग ह्यांच्या मिनेसोटा विद्यापीठातील, १९८५ पासून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांचा. प्रत्येक वाचकाच्या बाबतीत अक्षराचे एक निर्णायक मान असते. अक्षर त्या मानाहून लहान झाले की वाचनाचा वेग झपाट्याने कोसळतो. त्याहून मोठे केल्याने मात्र वेग फारसा वाढत नाही, आणि फारच मोठे केल्यास तो पुन्हा घटतो. म्हणजे ‘जितके मोठे तितके बरे’ हे सूत्र चुकीचे असून ‘पुरेसे मोठे’ हे सूत्र खरे आहे. पुरेसे म्हणजे किती, हे वाचकागणिक ठरते. परंतु ते लिपीगणिकही बदलत असले पाहिजे, हा मुद्दा मराठीच्या संदर्भात विशेष विचारार्ह आहे.

रोमन लिपीच्या देशांत मोठ्या टाइपासाठी १८ पॉइंट हे मान सामान्यतः स्वीकारले जाते. पॉइंट म्हणजे सुमारे एक-बहात्तरांश इंच. तेव्हा १८ पॉइंट म्हणजे पाव इंच, अर्थात सुमारे ६.३५ मिलिमीटर. हे माप डोळ्याला दिसणाऱ्या अक्षराच्या उंचीचे नसून खिळ्याच्या अंगाचे असते. देवनागरीत त्या अंगात तीन मजले बसवावे लागतात : शिरोरेखेच्या वर मात्रा, रफार व अनुस्वार, मध्ये मूळ अक्षर, खाली उकार, ऋकार व उभ्या जोडाक्षरांचे शेपूट. साहजिकच मूळ अक्षराच्या वाट्याला उंचीचा उणा भाग येतो, आणि त्याच पॉइंटाचे देवनागरी अक्षर रोमन अक्षराहून लहान भासते. १८ हा आकडा परभाषेतून जसाच्या तसा उचलला, तर मराठी विद्यार्थ्याला नावाला मोठा पण प्रत्यक्षात मध्यम टाइप मिळतो.

ह्याहून मोठी अडचण अक्षराच्या अंतर्गत प्रमाणांची आहे. मराठी लिपीत अर्थभेदाचा भार वाहणारी चिन्हे बहुधा सर्वांत लहान असतात. ‘मुलाचा’ आणि ‘मुलांचा’, ‘झाडावर’ आणि ‘झाडांवर’, ‘गावात’ आणि ‘गावांत’ ह्या जोड्यांत एकवचन व अनेकवचन ह्यांतील भेद केवळ एका टिंबाने होतो. ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ ह्यांत तर वचनाबरोबर आदरही त्याच टिंबावर अवलंबून असतो. टिळकांविषयीच्या पाठात ते टिंब न दिसलेला विद्यार्थी लोकमान्यांचा उल्लेख एकेरीत वाचील. क्रियापद कर्त्याशी जुळणारे असेल तर वचनाची खूण वाक्यात पुन्हा येते. पण ‘झाडांवर पक्षी बसले’ ह्या वाक्यात झाडे अनेक आहेत हे सांगणारी दुसरी खूण कोठेही नाही. तीच गोष्ट रफाराची. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ ह्यांत गुरू आणि स्वयंपाकी इतके अंतर आहे. ‘दर्यावर’ व ‘दऱ्यांवर’ ह्यांत समुद्र आणि दरी इतके. घ-ध, भ-म, थ-य, प-ष, ब-व ही अक्षरयुग्मे शिरोरेखेतील खंडाने, एखाद्या गाठीने किंवा पोटातील तिरक्या रेघेने वेगळी होतात.

आता मूळ पृष्ठ छायाचित्रासारखे सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढवून छापले, तर काय होते हे पाहावे. समजा, मूळ छपाईत अक्षराची उंची ३ मिलिमीटर आणि अनुस्वाराचा व्यास अर्धा मिलिमीटर आहे. दीडपट वाढीने अक्षर साडेचार मिलिमीटरांचे होते आणि टिंब पाऊण मिलिमीटराचे. अक्षर निर्णायक मानाच्या पलीकडे गेले, तरी टिंब अलीकडेच राहू शकते. टिंब ओळखू यावे म्हणून पृष्ठ आणखी वाढवावे, तर अक्षर गरजेबाहेर फुगते, ओळीत मोजकेच शब्द मावतात आणि पुस्तकाचा आकार आवाक्याबाहेर जातो. कारण लांबी-रुंदी दुप्पट केली की कागद चौपट लागतो, आणि शंभर पानांच्या पुस्तकाची त्याच आकारात चारशे पाने होतात. म्हणून मराठीतील मोठ्या टाइपाचा खरा प्रश्न अक्षर मोठे करण्याचा नसून अक्षरातील लहान अवयव मोठे करण्याचा आहे. ठळक व मोठे अनुस्वार, मोकळा रफार, स्पष्ट खंड असलेली शिरोरेखा आणि मात्रांना पुरेशी जागा देणारे ओळींतील अंतर अशी वेगळी अक्षरघडण त्याला हवी आहे. निव्वळ वर्धनाने ती साधत नाही.

अक्षरांतील अंतराविषयीही हेच म्हणता येईल. १९७० साली हर्मन बाउमा ह्यांनी दाखविले की दृष्टीच्या परिघात अक्षर शेजारच्या अक्षरांच्या गर्दीने ओळखेनासे होते. ज्याच्या नजरेचा मध्यबिंदू निकामी झाला आहे त्याला परिघानेच वाचावे लागत असल्यामुळे ही गर्दी त्याला फार बाधते. रोमन लिपीत अक्षरे विरळ मांडून ती काही अंशी कमी करता येते. देवनागरीत अक्षरे तशीच विरळ केली तर शिरोरेखा तुटते. आणि तिचा खंड ही तर शब्द संपल्याची खूण! तेव्हा अंतर वाढविताना रेषाही लांबविली पाहिजे. संयुक्ताक्षरांचेही असेच आहे. ‘द्ध’, ‘द्व’, ‘ट्ट’ ही उभी जोडाक्षरे अधू डोळ्याला गुंत्यासारखी भासतात. पाय मोडून आडवी लिहिली तर ती उलगडतात. परंतु केवळ आडव्या रूपांवर वाढलेला विद्यार्थी पुढे सर्वसामान्य पुस्तकातील उभ्या रूपांपाशी अडखळेल. ह्यास्तव खालच्या इयत्तांत आडवी आणि वरच्या इयत्तांत क्रमाने उभी रूपे असा टप्पा ठेवणे इष्ट ठरेल.

ह्या ठिकाणी लिपिसुधारणेच्या इतिहासाकडे वळणे प्राप्त आहे, आणि त्या इतिहासाचा रत्नागिरीशी जवळचा संबंध आहे. १८५६ साली येथे जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या छपाईच्या निमित्ताने देवनागरी खिळ्यांची संख्या घटविण्याचा प्रश्न हाती घेतला होता. १९२४ ते १९३७ ह्या काळात येथे स्थानबद्ध असलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालविली व ‘अ’ची बाराखडी पुरस्कारिली. ह्या आणि अशा बहुतेक प्रयत्नांमागची प्रेरणा यंत्राच्या आणि जुळाऱ्याच्या सोयीची होती. खिळ्यांचे प्रकार किती, जुळारी किती वेळात पान जुळवील, टंकलेखनयंत्रात किती कळा लागतील, ह्या प्रश्नांभोवती सुधारणेची चर्चा फिरत राहिली. वाचणाऱ्या डोळ्याचा प्रश्न त्या चर्चेच्या केंद्रस्थानी क्वचितच आला. १९५३ च्या लखनौ परिषदेने ह्रस्व इकार अक्षराच्या उजवीकडे, परंतु आखूड दांड्याने लिहावा असे सुचविले होते. ती सूचना पुढे मागे पडली हे अल्पदृष्टी वाचकाच्या पथ्यावर पडले, असेच म्हणावे लागते. कारण ह्रस्व-दीर्घांतील आजचा भेद डाव्या-उजव्या बाजूंचा असल्याने अधू डोळ्यालाही कळतो. तो दांड्याच्या लांबीवर गेला असता तर ‘दिन’ आणि ‘दीन’ ह्यांत निवड करणे अशक्यप्राय झाले असते.

उलटपक्षी १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी नकळत ह्या वाचकाचे हित साधले. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तें’ ह्यांवरील अनुच्चारित अनुस्वार गेले आणि पृष्ठावरील टिंबांची संख्या एकदम खाली आली. मात्र त्याच वेळी उरलेल्या प्रत्येक टिंबाचा अर्थभार वाढला. जुन्या लेखनात ‘घरांत’ हे एकवचनातही सानुस्वार असे. नव्या लेखनात ‘घरात’ आणि ‘घरांत’ ही वेगळी वचने झाली. म्हणजे जे टिंब पूर्वी दिसले नाही तरी चालत असे, ते आता दिसलेच पाहिजे.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. वाचक प्रत्येक टिंब पाहत नाही, तो संदर्भाने वाचतो. मग इतक्या सूक्ष्म भेदांची चिंता कशाला? प्रौढ वाचकाच्या बाबतीत हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. परंतु संदर्भाने वाचण्यासाठी भाषेच्या लेखनाचे ज्ञान आधी हवे, आणि ते ज्ञान ज्यातून मिळावयाचे ते पुस्तकच विद्यार्थ्याच्या हाती आहे. प्रौढाला पुरणारी सुवाच्यता शिकाऊ वाचकाला पुरत नाही.

दुसरा आक्षेप ध्वनिमुद्रणाचा. पुस्तक वाचून दाखविले, किंवा यंत्राने उच्चारले, तर मोठा टाइप हवाच कशाला? गोष्ट समजून घेण्यासाठी किंवा इतिहासाचा पाठ ध्यानी ठेवण्यासाठी श्रवण पुरेसे असेल. भाषेच्या अभ्यासाला ते पुरत नाही. मराठीच्या प्रत्यक्ष उच्चारात इकार-उकारांचे ह्रस्वदीर्घत्व बहुधा शब्दातील स्थानावर अवलंबून असते, आणि लेखनात ते व्युत्पत्ती व नियम ह्यांनी ठरते. ‘सुत’ आणि ‘सूत’ हा भेद कानाने नेहमीच पकडता येईल अशी हमी नाही. तो डोळ्याने किंवा ब्रेल वाचणाऱ्या बोटानेच शिकावा लागतो. केवळ ऐकून शिकलेला अल्पदृष्टी विद्यार्थी आशयात मागे पडत नाही. लेखनात मागे पडतो, आणि त्या उणिवेचे खापर त्याच्या बुद्धीवर किंवा आळसावर फुटते. ब्रेल शिकलेल्या अंध विद्यार्थ्याला लेखनाचा निदान एक निश्चित मार्ग असतो. अल्पदृष्टी विद्यार्थी ना धड ब्रेलचा, ना धड छापील अक्षराचा, अशा अवस्थेत राहण्याचा धोका आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या परिस्थितीत हा धोका अधिक तीव्र होतो. मंडणगडापासून राजापुरापर्यंतचे नऊ तालुके डोंगर, खाड्या आणि विखुरलेल्या वाड्या ह्यांनी भरलेले आहेत. अंध मुलांसाठी मंडणगड तालुक्यात घराडी येथे स्नेहज्योती निवासी विद्यालय आहे. परंतु अल्पदृष्टी मूल बहुधा आपल्या गावच्या साध्या शाळेतच बसते, आणि त्या शाळेत तसे ते एकटेच असण्याचा संभव मोठा. त्यातून शालेय वर्षाचा आरंभ जूनमध्ये, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडी होतो. ढगाळ दिवशी वर्गातील उजेड उणावतो आणि कागद व शाई ह्यांतील विरोध मंदावतो. अक्षर कितीही मोठे असले तरी रंगीत पार्श्वभूमीवर छापलेला मजकूर अशा उजेडात विरघळतो. पांढऱ्या, न चकाकणाऱ्या कागदावर काळी शाई ही मागणी म्हणूनच टाइपाच्या मापाइतकी मोलाची आहे.

वर्गातील व्यवहाराचा एक साधा प्रश्नही येथे नोंदविला पाहिजे. शिक्षक ‘पान चौतीस उघडा’ म्हणतात तेव्हा मोठ्या टाइपाच्या पुस्तकात तो मजकूर भलत्याच पानावर असतो. मूळ पृष्ठांक समासात छापला तर ही अडचण दूर होते. तो नसेल तर विद्यार्थी पान शोधत राहतो आणि वर्ग पुढे जातो. अशा रीतीने साहाय्यासाठी दिलेले पुस्तकच त्याला वेगळा पाडते.

शालेय पातळीवर निदान हक्क मान्य झाला आहे. समग्र शिक्षा योजनेच्या समावेशित शिक्षणविषयक तरतुदींत मोठ्या टाइपातील पुस्तकांना स्थान आहे. परीक्षांसंबंधीच्या केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या टाइपाच्या प्रश्नपत्रिकेचा पर्याय आणि ताशी किमान २० मिनिटांचा भरपाई वेळ होता. परंतु २०१६ च्या अधिनियमातील विनामूल्य पुस्तकांची तरतूद वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतची आहे. तोच अधिनियम उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखून ठेवतो. म्हणजे प्रवेशाचे दार जेथे उघडते तेथेच पुस्तकाचा हक्क संपतो. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला तर बारीक टाइपातील तळटीपा, पाठभेद आणि १९६२ पूर्वीच्या, टिंबांनी भरलेल्या आवृत्त्या वाचाव्या लागतात. १८२८ साली स्थापन झालेल्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांचा ठेवा ज्यांच्यासाठी जपला जातो, त्यांत हा विद्यार्थीही गणला गेला पाहिजे.

कायद्याची अडचण येथे उरलेली नाही. प्रताधिकार अधिनियमाच्या २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी सुलभ प्रती काढण्यास मुभा दिली. २०१३ च्या मराकेश कराराला २०१४ साली मान्यता देणाऱ्यांत भारत पहिला होता. २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय सुरू झाले. अडचण आहे ती पुस्तक कोणत्या रूपात जतन होते ह्याची. पृष्ठाचे केवळ छायाचित्र साठविले तर ते वाढविता येते, पण त्यातील अक्षर बदलता येत नाही. जुन्या, परस्परांशी न जुळणाऱ्या अक्षरसंचांत जुळविलेला मजकूर रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार गमावतो. युनिकोडमध्ये शुद्ध स्वरूपात साठविलेला मजकूर मात्र वाचकाच्या गरजेप्रमाणे हव्या त्या मापात, हव्या त्या घडणीत पुन्हा ओतता येतो. संकुचित क्षेत्राच्या वाचकाला लहान अक्षर आणि मंद तीक्ष्णतेच्या वाचकाला मोठे अक्षर एकाच संहितेतून देणे त्यामुळे शक्य होते.

एकंदरीत, मोठ्या टाइपाच्या मराठी पुस्तकाचे मोल त्याच्या मुखपृष्ठावरील आकड्याने ठरविता येत नाही. त्यातील सर्वांत लहान अर्थवाहक चिन्ह त्याच्या वाचकाला दिसते की नाही, ही त्याची खरी कसोटी होय. ह्या कसोटीवर पाहता केवळ वर्धित पुस्तक अपुरे ठरते. अक्षरघडण, ओळींतील अंतर, कागदाचा विरोध, मूळ पृष्ठांक आणि संहितेचे शुद्ध जतन ह्या पाच गोष्टी जुळल्या तरच ते पुस्तक ह्या नावास पात्र होते. त्यांतील पहिली भाषाविभागांच्या सहकार्यावाचून साधणारी नाही. मराठी वाचनात कोणत्या चिन्हांचा घोळ किती होतो, कोणत्या घडणीने तो उणावतो, ह्याचे मोजमाप प्रत्यक्ष अल्पदृष्टी वाचकांसमवेत करणे हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. ते होईपर्यंत ‘झाडावर’ की ‘झाडांवर’ हे अंदाजाने ठरविण्याची पाळी ज्याच्यावर येते, तो विद्यार्थी पुस्तक हाती असूनही दुसऱ्याच्या वाचनावर अवलंबून राहील.